बीजाभोवतीचे पाणी

टेंभी नाक्यावरच्या माझ्या दवाखान्यात मूल होत नाही म्हणून येणारी जोडपी पूर्वीही होती, आजही आहेत. फरक पडला आहे तो त्यांच्या हातातल्या फायलीत. पूर्वी एखादी सोनोग्राफी, रक्ताचे दोन कागद आणि कुठल्याशा देवस्थानाच्या अंगाऱ्याची पुडी एवढाच ऐवज असे. आता फाईल इतकी जाडजूड असते की ती नुसती चाळायलाच अर्धा तास लागतो. मी स्वतः टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार करत नाही. माझ्याकडे लोक येतात ते दुसरे मत विचारायला, किंवा खरे सांगायचे तर मोठ्या केंद्रात घाईघाईने जे सांगितले गेले ते साध्या मराठीत समजून घ्यायला.

अलीकडे अशाच एका फायलीत एक नवा कागद दिसला. डोंबिवलीचे जोडपे, बाईंचे वय चौतीस, टेस्ट ट्यूबचे दोन प्रयत्न फसलेले. दुसऱ्या वेळी बीजे काढताना त्यांच्याभोवतीचा द्रव तपासायला पाठवला होता आणि त्यात ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ जास्त आहे असा निष्कर्ष होता. तपासणीचे पैसे वेगळे, वर तीन महिन्यांच्या गोळ्या वेगळ्या. बरोबर आलेल्या सासूबाईंनी या सगळ्याचा अर्थ एका वाक्यात लावला होता, “डॉक्टरीणबाई, हिच्या बीजाभोवतीचं पाणीच खराब निघालं.” सून खाली बघत बसली होती, मुलगा खिडकीबाहेर. त्याच्या वीर्याची तपासणी शेवटची केव्हा केली असे विचारले, तर तो कागद चार वर्षांपूर्वीचा निघाला.

तेव्हा आज या ‘पाण्या’विषयी. माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचकांना शेवटपर्यंत ताटकळत राहावे लागणार नाही. या द्रवाचा अभ्यास व्हायलाच हवा, तो मोलाचा आहे आणि आपल्या परळमध्ये उत्तम प्रकारे झालेला आहे. पण या द्रवात अमुक सापडले म्हणून मूल होईल, तमुक सापडले म्हणून होणार नाही, असे सांगण्याइतके ज्ञान आज कोणाजवळही नाही. जोवर ते नाही तोवर या तपासणीचे पैसे रुग्णाकडून घेणे मला मान्य नाही, आणि त्या कागदावरून एखाद्या बाईला दोषी ठरवणे तर मुळीच नाही.

आता मुळात हा द्रव म्हणजे काय ते पाहू. स्त्रीच्या दोन्ही बीजांडकोशांत जन्मापासूनच लाखो अपक्व बीजे असतात. प्रत्येक बीज एका सूक्ष्म पिशवीत बसलेले असते. या पिशवीला पुटक म्हणू या, डॉक्टर मंडळी फॉलिकल म्हणतात. दर महिन्याला काही पुटके वाढीला लागतात, त्यांतले बहुधा एकच पूर्ण वाढते आणि बाकीची सुकून जातात. वाढत्या पुटकात पाण्यासारखा पिवळसर द्रव साठत जातो. यातला काही भाग रक्तातून गाळून आलेला असतो, तर काही भाग पुटकाच्या भिंतीतल्या पेशींनी तयार केलेला असतो. बीजाला स्वतःची रक्तवाहिनी नसते. त्याला जे काही खाणेपिणे, प्राणवायू, संप्रेरके मिळायची ती या पेशींमधून आणि या द्रवातूनच. म्हणजे बीज ज्या घरात वाढले त्या घरची सगळी हवा या द्रवात उतरलेली असते.

टेस्ट ट्यूब उपचारात साधारण नऊ ते बारा दिवस रोज इंजेक्शने देऊन एकाऐवजी अनेक पुटके वाढवतात. या दिवसांचे हाल ज्यांनी काढले त्यांनाच ठाऊक! बदलापूर-टिटवाळ्याहून गच्च भरलेल्या लोकलने येणाऱ्या, पर्समध्ये बर्फाच्या पिशवीत इंजेक्शन जपणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. नवरात्रात तर टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीत रिक्षा आत येत नाही, आणि इंजेक्शनची वेळ तर चुकवायची नसते. पुटके सतरा-अठरा मिलिमीटरची झाली की शेवटचे इंजेक्शन देतात आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी, गुंगी देऊन, सोनोग्राफीत बघत बघत योनीमार्गातून सुई घालून पुटकातला द्रव ओढून घेतात. अठरा मिलिमीटरच्या पुटकात साधारण तीन मिलिलीटर द्रव असतो, चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडा अधिक. त्यात तरंगत येणारे बीज असते एक दशांश मिलिमीटरचे. प्रयोगशाळेतला तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली ते बीज शोधून बाजूला काढतो. आणि द्रव? तो कचऱ्यात जातो.

संशोधकांचे लक्ष या टाकाऊ द्रवाकडे गेले ते अगदी स्वाभाविक आहे. बीज फोडून तपासता येत नाही, फोडले तर संपलेच. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो. इथे शिताला हात न लावता नुसत्या पेजेवरून भाताची परीक्षा करायची आहे. पेज अनायासे हाती आली आहे, तिच्यासाठी बाईला वेगळी सुई टोचावी लागत नाही. मग तिच्यात अशी एखादी खूण सापडली की जिच्यावरून हे बीज फळेल, हे फळणार नाही असे कळेल, तर किती बरे! या खुणांना शास्त्रज्ञ ‘मार्कर’ म्हणतात.

अशा खुणांचा शोध गेली कित्येक दशके चालू आहे. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, इन्हिबिन, एएमएच ही संप्रेरके मोजून झाली. दाह दाखवणारी इंटरल्युकिन्स मोजून झाली. ड जीवनसत्त्व, होमोसिस्टीन, शिसे-कॅडमियमसारखे धातू, आणि अलीकडे सूक्ष्म आरएनएचे तुकडे, सगळे मोजून झाले. त्यांतला एक प्रयोग मला विशेष आवडतो. १९९७ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या जोनाथन व्हॅन ब्लर्कम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुटकातल्या द्रवात विरघळलेला प्राणवायू मोजला. एकाच बाईच्या, एकाच दिवशी काढलेल्या निरनिराळ्या पुटकांत प्राणवायूचे प्रमाण निरनिराळे निघाले, आणि ज्या पुटकांत तो फारच कमी होता तिथल्या बीजांत गुणसूत्रांची मांडणी बिघडलेली अधिक वेळा आढळली. म्हणजे सोळा बिऱ्हाडांची चाळ एक, पण प्रत्येक खोलीतला वारा वेगळा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परळचा उल्लेख मघाशी केला तो उगाच नाही. भारतात शास्त्रीय नोंदींसह जन्मलेले पहिले टेस्ट ट्यूब बाळ, हर्षा, ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात जन्मले. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि तेव्हाच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे ते यश. हर्षा २०१६ मध्ये स्वतः आई झाली. याच आनंद कुमारांनी पुढे कागदपत्रे तपासून जाहीरपणे सांगितले की पहिला मान आपला नव्हे, तो कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा. त्यांच्या प्रयत्नातून जन्मलेली मुलगी ३ ऑक्टोबर १९७८ची, म्हणजे इंग्लंडच्या लुईझ ब्राऊननंतर अवघ्या सव्वादोन महिन्यांनी. मुखोपाध्यायांवर त्या काळी कोणी विश्वास ठेवला नाही, त्यांची चौकशी आणि चेष्टा झाली आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ज्याने हाती आलेला मान स्वतःहून दुसऱ्याला दिला अशा शास्त्रज्ञाबद्दल मला फार आदर वाटतो. असो, विषयांतर झाले.

परळची ती संस्था आज राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथल्या शास्त्रज्ञांनी डॉ. हिंदुजा आणि बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सच्या साथीने पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या पुटकातला द्रव तपासला. पीसीओएस म्हणजे आपल्याकडे ज्याला लोक सरसकट पीसीओडी म्हणतात तो विकार. पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, आणि बीजांडकोशात अर्धवट वाढलेल्या पुटकांची गर्दी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत १८६ प्रथिनांचे प्रमाण निरोगी बीजांडकोशांच्या तुलनेत कमी-जास्त आढळले, आणि त्यांतली काही थेट पुटकाच्या व बीजाच्या वाढीशी निगडित होती. या विकारात पुटके अर्ध्यावर का अडतात याचा धागा यातून हाती लागतो. शास्त्र असे पुढे सरकते, आणि ते करणारे लोक ठाण्याहून पाऊण तासाच्या अंतरावर बसलेले आहेत याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

पण १८६ प्रथिने वेगळी आढळणे निराळे आणि त्यांतल्या एकावरून कुण्या एका बाईचे भविष्य सांगणे निराळे. त्या शास्त्रज्ञांनीही तसा दावा केलेला नाही. दावा होतो तो पुढे, शोधनिबंध आणि बिलाचे पुस्तक यांच्या मधल्या वाटेवर.

अडचण कुठे आहे ते नीट समजून घेऊ, कारण हे एकदा समजले की आरोग्याच्या पानावर येणाऱ्या निम्म्या ‘नव्या शोधां’कडे बघण्याची नजर बदलते.

पहिली अडचण चाळीची. प्रत्येक खोलीतला वारा वेगळा असेल तर प्रत्येक पुटकातला द्रव वेगळ्या नळीत घ्यायला हवा, त्यातले बीज वेगळे वाढवायला हवे आणि तोच गर्भ गर्भाशयात सोडल्यावर मूल झाले की नाही याची नोंद ठेवायला हवी. हे फार किचकट काम आहे. सोय म्हणून पुष्कळदा सगळ्या पुटकांतला द्रव एकत्र करतात. सोळा घरांच्या आमट्या एका पातेल्यात ओतल्यावर कोणाच्या आमटीत मीठ जास्त होते ते कसे सांगणार? शिवाय सुईबरोबर थोडे रक्त येते, कधी पुटक धुण्यासाठी वापरलेले पाणी मिसळते. रक्त मिसळले की आकडे बदलतात.

दुसरी अडचण गणिताची. समजा पन्नास-साठ स्त्रियांच्या द्रवात दोनशे पदार्थ मोजले. शास्त्राच्या रूढ कसोटीप्रमाणे, प्रत्यक्षात काहीही संबंध नसताना, नुसत्या योगायोगाने त्यांतले दहाएक पदार्थ ‘लक्षणीय’ ठरतात. शंभर जणांनी आकडा लावला तर एखाद्याचा लागतोच, म्हणून काही आपण त्याला ज्योतिषी म्हणत नाही. तो ज्योतिषी आहे की नाही ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दुसऱ्या गावात, दुसऱ्या स्त्रियांवर पडताळून बघावे लागते. या द्रवातल्या बहुतेक खुणा इथेच गळून पडल्या आहेत. एका ठिकाणी जे जास्त असणे चांगले ठरले तेच दुसऱ्या ठिकाणी वाईट ठरले. त्या ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’चेच घ्या. त्याला आपण शरीरातला गंज म्हणू. गंज वाईट हे खरे, पण बीज पुटकातून बाहेर पडण्याच्या क्रियेला थोडा हा ‘गंज’ लागतोच. मग किती म्हणजे जास्त? सर्वत्र मान्य झालेला आकडा अजून ठरलेला नाही. ज्या तपासणीला ठरलेला आकडाच नाही तिच्या कागदावर ‘जास्त’ असे छापणारा माणूस कशाच्या तुलनेत छापतो, हा प्रश्न मी त्या जोडप्याला विचारायला सांगितला.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. घटकाभर धरून चालू की खूण सापडली, अचूक सापडली. तिचा उपयोग काय? दहा बीजे निघाली तर साधारण आठ पक्व असतात, पाच-सहा फळतात आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन गर्भ टिकतात. या दोन-तिनांतला आधी कोणता सोडायचा एवढेच ती खूण सांगेल. उरलेले गर्भ आज गोठवून ठेवता येतात आणि पुढे एकेक करून सोडता येतात, म्हणजे पाळी प्रत्येकाची येणारच आहे. चांगली खूण तुमचा एखादा फुकट जाणारा प्रयत्न वाचवील, चार महिन्यांचा काळ वाचवील, आणि तेही कमी नाही. पण वाईट बीजाचे चांगले बीज ती करणार नाही. रांगेतली माणसे पुढे-मागे केली म्हणून रांगेतली माणसे वाढत नाहीत. हे जोडप्यांना कोणी सांगत नाही आणि त्यांचा समज असा होतो की तपासणी केली की मूल होण्याची शक्यता वाढली.

टेस्ट ट्यूबच्या जगात असे आधीही घडले आहे. गर्भाशयाच्या अस्तराला हलकासा ओरखडा काढला तर गर्भ चांगला रुजतो असे छोट्या अभ्यासांवरून काही वर्षे मानले गेले. जगभर हजारो स्त्रियांनी तो ओरखडा, दुखणे आणि खर्च सोसला. मग १३६४ स्त्रियांवर नीट प्रयोग झाला आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ओरखडा काढलेल्यांत बाळ होण्याचे प्रमाण २६.१ टक्के, न काढलेल्यांत २६.१ टक्के! दशांशाचाही फरक नाही. इंग्लंडमध्ये या क्षेत्रावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था अशा जादा उपचारांना त्यांच्या पुराव्यानुसार रंग देते आणि ती यादी कोणालाही बघता येते. आपल्याकडे अशी यादी निघाली तर माझ्यासारखीचे निम्मे काम हलके होईल.

रक्तातल्या एएमएचविषयीही दोन शब्द. ठाण्या-कल्याणच्या पॅथॉलॉजी लॅबच्या पॅकेजमध्ये हल्ली ही तपासणी सर्रास असते आणि लग्न होऊन सहा महिने झालेल्या मुलीही ‘माझा आकडा कमी आला’ म्हणून रडत येतात. एएमएच बीजांचा साठा साधारण किती आहे ते सांगते, आणि टेस्ट ट्यूबमध्ये इंजेक्शनचा डोस ठरवायला तिचा चांगला उपयोग आहे. बीजांचा दर्जा ती सांगत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांचा पाठपुरावा केला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिक रीतीने दिवस जाण्याची शक्यता इतरांहून कमी आढळली नाही. महिन्याला एकच बीज लागते, कोठारात किती पोती आहेत याने त्या महिन्याच्या भाकरीला फरक पडत नाही. वयाने मात्र पडतो. पस्तिशीनंतर बीजातली गुणसूत्रे बिघडण्याचे प्रमाण वाढत जाते आणि चाळिशीकडे ते झपाट्याने वाढते. बाईच्या बीजाविषयी सर्वांत भरवशाची खूण आजही तिच्या जन्मतारखेतच आहे, आणि ती फुकट आहे.

मग पैसे आणि वेळ आधी कुठे घालावा? पुरुषाची वीर्यतपासणी, तीही ताजी. ही इतकी साधी आणि स्वस्त तपासणी, पण तिच्यासाठी जावईबापूंना राजी करायला तीन-तीन महिने लागतात आणि तोवर सुनेच्या दुर्बिणीच्या तपासण्या उरकलेल्या असतात. मूल न होणाऱ्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण मोठ्या प्रमाणात असते, कधी एकटे तर कधी बाईच्या कारणासोबत. दुसरी गोष्ट क्षयाची. आपल्या देशात गर्भनलिका बंद पडण्यामागे जननेंद्रियांचा क्षय हे महत्त्वाचे कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, फक्त मूल होत नाही अशा रूपातही तो येतो. त्याची तपासणी आणि औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. थायरॉईड, वजन, नवऱ्याची तंबाखू ही यादी कंटाळवाणी आहे. तिच्यात ‘मॉलिक्युलर’ असे काही नाही, म्हणून ती कोणाला आवडत नाही.

आता पैशांचे. टेस्ट ट्यूबचा एक प्रयत्न म्हणजे लाखाच्या पुढची गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्यांत पगारावर कर्ज काढणारे आहेत, गावची जमीन विकलेले आहेत, आणि बाईच्या अंगावरचे डाग तर सर्वांत आधी जातात. अशा घरात पाच-दहा हजारांची एक जादा तपासणी म्हणजे ‘एवढे गेले, तिथे एवढ्याने काय’ असे म्हणून होऊन जाते. इथेच मला आक्षेप घ्यायचा आहे. ती तपासणी संशोधनासाठी असेल तर तिचा खर्च संशोधन करणाऱ्याने सोसायचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये जी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत हेच म्हटले आहे की नेहमीच्या उपचारापलीकडे संशोधनासाठी होणारा खर्च सहभागी व्यक्तीवर लादू नये. आणि ती उपचाराचा भाग आहे असे म्हणायचे असेल तर तिने उपचार बदलतो आणि बाळे जास्त जन्मतात याचा पुरावा दाखवायला हवा. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येणार नाही, ज्ञान अपुरे म्हणून ‘संशोधन’ आणि बिल करताना ‘तपासणी’!

यावर माझे काही डॉक्टर मित्र म्हणतात, “रुग्णालाच काहीतरी कारण हवं असतं. दोन वेळा अपयश आलं, आता काय सांगायचं त्यांना?” हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. ‘आम्हाला कारण कळत नाही’ हे वाक्य ऐकणे फार कठीण असते, आणि उच्चारणेही. एखादे नाव मिळाले की माणसाला धीर येतो, हे मी रोज पाहते. पण इथे नाव मिळते तेव्हा त्याची किंमत दोघे मिळून देत नाहीत. कागदावर ‘द्रवात दोष’ असे आले की घरी पोचेपर्यंत ‘हिच्यात दोष’ होतो. हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळेजेवणाला टाळली जाणारी बाई आता ‘खराब पाण्याची’ म्हणून टाळली जाते. आणि ज्या आकड्याचे आपल्यालाच नक्की माहीत नाही तो आकडा आपण तिच्या कपाळी लावलेला असतो. धीर द्यायला आकडा लागत नाही. समोर बसून, दोघांनाही एकत्र बसवून, काय माहीत आहे आणि काय नाही हे सांगायला वेळ तेवढा लागतो.

तो वेळ मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. सहायक जननतंत्रज्ञानाचा कायदा डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत संमत झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. बाईचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ या मर्यादेतच उपचार करता येतात. आणि मुख्य म्हणजे, त्या केंद्रात यशाची शक्यता किती, खर्च किती, फायदे-तोटे व धोके कोणते हे जोडप्याला समजावून सांगणे ही केंद्राची जबाबदारी आहे. तेव्हा संकोच न करता विचारावे. माझ्या वयाच्या स्त्रियांमध्ये तुमच्याकडे शंभरांत किती जणींना बाळ घरी नेता आले? नुसती युरीन टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्यांचा आकडा नको, बाळाचा हवा. ही जादा तपासणी केली नाही तर माझ्या उपचारात काय बदलेल? ‘काही नाही’ असे उत्तर आले तर तुमचे पैसे वाचले.

आणि कोणी संशोधनासाठी तो द्रव मागितला तर? जरूर द्यावा, असे मी म्हणेन. तसाही तो टाकूनच दिला जाणार असतो, आणि परळला जे काम झाले ते अशाच अनोळखी बायांनी होकार दिला म्हणून झाले. मात्र संमतीपत्र वेगळे हवे, आपल्याला वाचता येईल अशा भाषेत हवे. नकार दिला तर उपचारात फरक पडणार नाही असे त्यात लिहिलेले हवे, नाव गुप्त राहायला हवे आणि पैसे लागता कामा नयेत. शस्त्रक्रियेच्या सकाळी, उपाशीपोटी, हातात सलाईन लावलेले असताना सहीसाठी पुढे सरकवलेला कागद म्हणजे संमती नव्हे. तो आदल्या भेटीत घरी न्यायला द्यावा.

शेवटी पत्रांतून वारंवार येणारी एक शंका. बीजे आणि द्रव असा ओढून काढला तर साठा संपून पाळी लवकर जाते का, अशक्तपणा येतो का, असे कल्याणच्या एका भगिनींनी विचारले आहे. तसे होत नाही. त्या महिन्यात जी पुटके एरवी सुकून गेली असती तीच इंजेक्शनांनी वाढवलेली असतात, पुढच्या साठ्याला हात लागत नाही. एक-दोन दिवस पोटात दुखते, थोडे रक्त जाते, तेवढेच. जपायचे ते दुसऱ्या गोष्टीला. ज्यांची पुटके पुष्कळ वाढतात, विशेषतः पीसीओएस असलेल्या आणि ज्यांचा एएमएचचा आकडा मोठा असतो त्या स्त्रियांमध्ये, बीजे काढल्यानंतर काही दिवसांत पोटात पाणी साठू शकते. पोट तट्ट फुगले, वजन दिवसागणिक वाढू लागले, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात किंवा आडवे पडल्यावर दम लागू लागला, तर ते साधे गॅसेस समजून घरी ओवा चावत बसू नये. केंद्राचा रात्रीचा फोन नंबर आधीच लिहून घ्यावा, आणि त्या रात्रीच निघावे.